टनेज ड्यूटीचा मूट प्रॉब्लेम: काँग्रेसची संमती कशी तपासायची

नागपुरातल्या विधीच्या विद्यार्थ्यांपुढे मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या खटल्यात, अमेरिकी टनेज ड्यूटीचा (राज्याने जहाजाच्या आकारमानानुसार लावलेल्या बंदर-कराचा) प्रॉब्लेम आला, की हात आपसूक आपल्या घटनेच्या अनुच्छेद ३०४(ख)कडे, म्हणजे राज्याने व्यापारावर घालायच्या निर्बंधांच्या तरतुदीकडे जातो. तिथेच गफलत होते. आपल्याकडे राज्यात असं विधेयक मांडण्याआधी राष्ट्रपतींची मंजुरी लागते, राहून गेली तर नंतरची अनुमती अनुच्छेद २५५ खाली दोष भरून काढते. अमेरिकेत राज्याला हा कर लावायला संमती लागते, आणि ती द्यायची केंद्रीय विधिमंडळाने, म्हणजे काँग्रेसने. त्यामुळे शोधायचा तो काँग्रेसचा कायदा.

आधी अमेरिकी घटनेचा अनुच्छेद १, कलम १० उघडा. दुसरा खंड मालावरच्या आयात-निर्यात शुल्काचा, तिसरा जहाजावरच्या टनेज ड्यूटीचा. दुसऱ्यात तपासणी कायद्यांपुरती सूट आहे, तिसऱ्यात नाही. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढचा सगळा युक्तिवाद ढासळतो.

मग संमतीचा कायदा मुळातूनच वाचा, टिपणांवर विसंबू नका. उत्तम नमुना ११ ऑगस्ट १७९०चा: स्टॅच्यूट्स ॲट लार्ज (काँग्रेसच्या कायद्यांचा संग्रह), खंड १, पान १८४. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे. पेन्सिलने खुणा करा: कोणतं राज्य, त्याचा कोणता कायदा, पैसा कशासाठी, मुदत कधीपर्यंत. जॉर्जियाला सॅव्हाना नदीतली बुडालेली जहाजं नि अडथळे काढायचे होते, ऱ्होड आयलंडला प्रॉव्हिडन्स नदी मोकळी करायची होती, मेरीलंडचा कायदा बाल्टिमोर बंदराच्या वॉर्डनांचा होता. संमती त्या कायद्यांतल्या टनेज ड्यूटीपुरतीच, तीही १० जानेवारी १७९१पर्यंत. पुढे मुदतवाढ मिळाली, पण वसुलीची तारीख नेमक्या कोणत्या मुदतीत बसते हे दाखवावंच लागतं. बहुतेक मेमोरियलं (मूटमधले लेखी युक्तिवाद) इथेच लंगडी पडतात.

संमतीच नसेल, तर ही ड्यूटी नसून सेवेचं शुल्क आहे, असं मांडा. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या क्लाइड मॅलरी (१९३५) खटल्यात अलाबामातल्या मोबील बंदरातल्या पोलीस-व्यवस्थेचं शुल्क टिकलं, जहाजाने ती सेवा मागितली नव्हती तरी. पोलर टँकर्स (२००९) मध्ये अलास्कातल्या व्हाल्डीझ शहराने मोठ्या जहाजांवर लावलेला मालमत्ता कर पडला, कारण तो पैसा शहराच्या सर्वसाधारण खर्चाला जात होता. म्हणून राज्याच्या कायद्यात कराच्या नावाआधी विनियोगाचं, म्हणजे पैसा कुठे वापरायचा याचं कलम शोधा. रक्कम बंदराच्या वेगळ्या खात्यात जात असेल, तर ते कलम जसंच्या तसं मेमोरियलमध्ये उतरवा. सर्वसाधारण निधीत जात असेल, तर शुल्काचा मुद्दा सोडून संमतीच शोधत बसा.