झुकोव्स्कीच्या उलट रूपांतरातलं वर्गमूळ

पंखाभोवतीचा प्रवाह मांडताना झुकोव्स्की रूपांतर (वर्तुळाचा पंखाच्या छेदासारखा आकार करणारं सूत्र) उलटं सोडवावं लागतं: क्ष = (य + १/य)/२ यातून य काढायचा, आणि तो एकक वर्तुळाच्या बाहेरचाच हवा. उत्तर य = क्ष + √(क्ष−१)·√(क्ष+१) असं येतं. माझ्या सूत्रात उजवं अर्धप्रतल ठीक होतं, डावीकडचे बिंदू मात्र वर्तुळाच्या आत पडत होते.

कारण निघालं सिम्पायच्या (पायथनमधली बीजगणित करणारी लायब्ररी) पॉवसिम्पला, म्हणजे घात एकत्र करणाऱ्या फंक्शनला, दिलेला ‘फोर्स’ हा पर्याय; तो नियम लागू आहे का हे न तपासताच रूप बदलतो. त्याने √(क्ष−१)·√(क्ष+१) याचं √((क्ष−१)(क्ष+१)) केलं होतं. धन संख्यांना हा नियम लागू आहे, संमिश्र संख्यांना सरसकट नाही. क्ष = −२ घ्या. एकत्र मूळ √३, म्हणून य = −०.२६८, वर्तुळाच्या आत. सुटी मुळं √−३ आणि √−१; त्यांचा गुणाकार −√३, म्हणून य = −३.७३२. हवं होतं ते हेच! एकत्र मुळाचा शाखाछेद (जिथे मुळाची किंमत एकदम उडी घेते ती रेषा) −१ ते १ या रेषाखंडाबरोबर अख्ख्या काल्पनिक अक्षावरही पसरतो, सुट्यांचा फक्त रेषाखंडावर राहतो.

‘फोर्स’ काढला, मुळं सुटीच ठेवली, प्रवाहरेषा जुळल्या. सिम्पाय स्वतःहून √(क्ष²) चं क्ष करत नाही याचा अनेकांना वैताग येतो. मला तो त्याचा मोठा गुण वाटतो. चल खरोखर धन असेल तर तसं चल घोषित करतानाच सांगावं. आता कुठलंही सरळ रूप वापरण्याआधी चारही चरणांत आणि दोन्ही अक्षांवर एकेक बिंदू घालून जुनी-नवी किंमत ताडून बघतो.