जहाज दुरुस्तीला असताना आगीबाबत या चुका टाळा

सातारा-कऱ्हाडकडची मुले आयटीआय करून ठेकेदाराबरोबर मुंबईच्या गोदीत वेल्डिंगला जातात. जाण्यापूर्वी त्यांतली काही माझ्याकडे चौकशीला येतात, आणि जहाज धक्क्याला लागले की धोका टळला, असा बहुतेकांचा समज असतो. वास्तविक दुरुस्तीच्या काळातच जहाजाचे पंप, फोमची (आग विझवणाऱ्या फेसाची) यंत्रणा आणि अलार्म यांपैकी बरेच काही बंद असते, आणि सुट्टीच्या दिवशी जहाजावर माणसेही मोजकीच असतात.

सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे फायर वॉचला, म्हणजे आगीवर नजर ठेवणाऱ्या माणसाला, फक्त वेल्डरच्या बाजूला उभे करणे. नौदलातील नोकरीच्या काळात एका जहाजावर बल्कहेडला (जहाजातील पोलादी आडभिंतीला) ब्रॅकेट जोडण्याचे काम चालू होते. कामाचे परमिट (लेखी परवानगी) रीतसर होते, अग्निशामक सिलिंडर शेजारी होता आणि पोरगा डोळ्यांत तेल घालून ठिणग्यांवर लक्ष ठेवून होता. मी पलीकडच्या स्टोअरमध्ये गेलो, तेव्हा त्याच पोलादावरच्या रंगाला फोड आले होते आणि खाली ठेवलेल्या चिंध्यांतून बारीक धूर निघत होता. पोलाद उष्णता पलीकडे पोहोचवते, ठिणगी दिसो वा न दिसो. म्हणून दोन्ही बाजूंना माणूस ठेवावा, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास थांबावे. मी स्वतः एक तास थांबवत असे, त्यावर कुरकुर करणारे उतावळे मुकादम मला कायम भेटले.

दुसरी चूक हॅचमधून (डेकवरील झाकणाच्या वाटेतून) आणि दारांतून तात्पुरत्या केबल व होज (नळ्या) ओढण्याची. दार बंदच होत नसेल, तर धूर आणि ज्वाळा अडवणार कोण? केबल ओढायचीच असेल, तर दारापाशी चटकन सुटेल असा जोड ठेवावा. १२ जुलै २०२० रोजी सॅन दिएगोत दुरुस्तीला असलेल्या अमेरिकी नौदलाच्या 'बोनोम रिचर्ड'वर रविवारी सकाळी आग लागली. धूसरपणा दिसूनही खबर उशिरा दिली गेली, फोमची यंत्रणा वापरलीच गेली नाही, आग चार दिवस धुमसली आणि अखेर जहाज भंगारात काढावे लागले.

पाणी मारताना ते बाहेर काढण्याची सोय न करणे हीदेखील घातक चूक आहे. मिनिटाला ५०० लिटर सोडणारा एकच होज तासाभरात ३० टन पाणी जहाजात भरतो, आणि ते वरच्या डेकवर साचून हलू लागले की जहाज कलते. १९४२ साली न्यूयॉर्कमध्ये 'नॉर्मांडी' ही प्रवासी बोट आगीनंतर अशाच पाण्याच्या भाराने उलटली. मुंबईच्या गोदीत २१ जुलै २०२४ रोजी, तोही रविवारच, 'आयएनएस ब्रह्मपुत्रा'ला आग लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आटोक्यात आली आणि दुपारी जहाज डाव्या बाजूला कलले.

रंगाचे डबे, थिनर आणि पुठ्ठे संध्याकाळी जहाजाबाहेर काढावेत. यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही. ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) समुद्राचे पाणी पंपाला मिळत नाही, म्हणून धक्क्यावरील होजचे कपलिंग (जोड) जहाजाच्या हायड्रंटला (आगीसाठीच्या नळाला) बसते का, हे कागदावर खूण करून नव्हे, तर जोडून, पाणी सोडून पाहावे.