शेणोलीची गाडी आणि १ जून

सातारा-सांगलीकडच्या विसाव्या शतकावर काम करायचं म्हणून नवीन पोरं येतात आणि बहुतेक जण माझ्यासारखीच पहिली ठेच खातात. २००९ साली एम.ए.च्या प्रबंधासाठी मी प्रतिसरकार (बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिकारकांनी सातारा भागात इंग्रजांना डावलून चालवलेलं समांतर सरकार) घेतलं आणि जुन्या याद्यांमध्ये 'सांगली जिल्हा' शोधत बसलो. १९४३ साली तो होताच कुठं? सगळा सातारा जिल्हा. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला, सांगली हे नाव १९६० चं. त्यात कुंडल औंध संस्थानात, मिरज मिरजेच्या संस्थानात. तेव्हा आधी आपलं गाव त्या वर्षी कुणाच्या अमलाखाली होतं ते बघा, मग कागद मागा. जुन्या कागदांची मोडी लिपी मात्र शिकाच, त्याला पर्याय नाही.

माणसांशी बोलताना पुस्तकी शब्द घरी ठेवा. 'प्रतिसरकार' म्हटलं की म्हातारी माणसं नुसती बघत राहायची. 'पत्री सरकार' म्हटलं की सावरून बसायची. कुंडलजवळच्या एका गावात एका आजींना मी विचारलं, "चळवळीत तुमचा सहभाग काय होता?" त्या म्हणाल्या, "आमचा कसला सहभाग? भाकऱ्या तेवढ्या थापल्या." मी वही मिटायला निघालो होतो! किती भाकऱ्या, पीठ कुणाचं, शेतात लपलेल्यांना कोण पोचवायचं, हे विचारायचं सुचलं ते चहा होईपर्यंत थांबलो म्हणून. पाटीत खाली भाकरी, वर शेणी. रानात जायची वाट रोज वेगळी. "शेणोलीची गाडी लुटली तवा थोरली पोटात हुती, वाकता यायचं न्हाई."

शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या माणसांनी रेल्वेगाडी लुटली ती ७ जून १९४३ ला. थोरलीचा शाळा सोडल्याचा दाखला घरात होता. जन्मतारीख १ जून १९४२. म्हणजे 'छोडो भारत'च्याही आधीची. मी शहाण्यासारखं टिपणात लिहिलं, 'स्मरणात गोंधळ.'

सरांनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाले, "शाळेचं जनरल रजिस्टर बघून या." अर्ज करून तीन आठवडे हेलपाटे घातल्यावर ते हातात पडलं. एका पानावर निम्म्याहून जास्त पोरं १ जूनला जन्मलेली! घरच्यांना तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून टाकून मोकळे. (माझ्या वडिलांचीही तीच आहे, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.) मग गावची जन्म-मृत्यूची नोंदवही काढली. मोडीतली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मुलगी, नोव्हेंबर १९४३. आजींचा हिशोब बरोबर होता, चुकला होता तो दाखला.

तेव्हापासून मी साल विचारत नाही. कोण पोटात होतं, कुणाचं लग्न व्हायचं होतं, १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात धाकटा केवढा होता, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं, असं विचारतो आणि घरी येऊन वजाबाकी करतो. दाखला बघतोच, पण त्यावर १ जून दिसला की बाजूला पेन्सिलनं प्रश्नचिन्ह.

नोंद सापडल्याचं सांगायला परत गेलो तेव्हा थोरली घरातच होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखल्यावरच्या तारखेप्रमाणे रिटायर झालेली. तिनं बोटांवर महिने मोजले आणि आईकडं बघून म्हणाली, "आये, सतरा महिन्यांचा पगार बुडाला की गं माझा!"