हिमकणांपासून स्ट्रॉबेरीचा फुलोरा वाचवण्यासाठी वाफ्यांवर आच्छादन कसे घालावे

डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरातील सखल भागात पहाटे दव गोठून हिमकण होतात, तेव्हा स्ट्रॉबेरीच्या शेतकऱ्याला फुलांचा घोर लागतो. उमललेले फूल उणे १ अंश सेल्सिअसच्या आसपासच दगावते. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र राहतात, पण मधला पिवळा गोंडा काळा पडतो आणि त्याला फळ धरत नाही.

आच्छादनासाठी चौरस मीटरला १७ ते २५ ग्रॅम वजनाचे पांढरे, न विणलेले कापड घ्यावे; बाजारात ते क्रॉप कव्हर म्हणून मिळते. त्यातून हवा आणि पाणी जाते. साधा प्लास्टिकचा कागद मी सुचवणार नाही, कारण त्याच्या आत ओल साचून फळांवर राखाडी बुरशी वाढते.

तीन फूट रुंदीच्या गादीवाफ्यावर दर पाच-सहा फुटांवर बांबूच्या कामट्यांच्या किंवा जाड तारेच्या दीड फूट उंच कमानी रोवाव्यात. त्यांवर सहा फूट पन्ह्याचे कापड टाकले की दोन्ही कडा मातीत दाबायला पुरते. कापड फुलांना टेकू देऊ नये. जिथे ते टेकते, तिथेच फूल गोठते.

आता सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. कापड स्वतः ऊब निर्माण करत नाही. दिवसभर तापलेली जमीन रात्री जी उष्णता सोडते, ती ते वाफ्यावर धरून ठेवते, आणि पातळ कापडाने एक-दोन अंशांचाच फरक पडतो. म्हणून अंधार पडल्यावर धावपळ करून झाकण्यात फारसा अर्थ नाही. ऊन वाफ्यावरून उतरण्यापूर्वीच, म्हणजे चार-साडेचारच्या सुमारास, कापड ओढून कडांवर माती लोटावी. त्या दिवशी सकाळीच ठिबकने पाणी दिलेले असावे, कारण ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा अधिक ऊब साठवते.

सकाळी हिमकण विरघळल्यावर, साधारण नऊच्या सुमारास, कापड एका बाजूला गुंडाळावे. याचा आळस केल्यास मधमाश्या फुलांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि परागीकरण अपुरे राहिलेली फळे एका अंगाला चिंबलेली, वेडीवाकडी निघतात. कापड उघडले असताना पानांची खालची बाजूही पाहावी, कारण आडोशाला लाल कोळी लवकर वाढतो.

थंडी सरली की कापड धुऊन, पूर्ण वाळवून, उन्हापासून दूर ठेवावे. शेताच्या बांधावर टाकलेले कापड पुढच्या हंगामात हातात घेताच फाटते.