जुना बोलर किंवा स्कॅम्प दुरुस्त करायला घेताय? या चुका टाळा

कॅनडात विनिपेगला १९६८ साली रे ओलेको आणि सँडर दुसा यांनी तेरा फुटी बोलर बाजारात आणला. हा गाडीमागे ओढायचा, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेला फायबरग्लासचा छोटा ट्रेलर. ओलेकोने त्याआधी फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्यांवर काम केलं होतं, आणि ट्रेलरची रचनाही त्याच विचाराची आहे: साच्यातून काढलेले दोन अर्धे भाग, वरचा आणि खालचा, मधोमध पट्ट्याने जोडलेले. अमेरिकेत मिनेसोटातल्या बॅकस गावी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून याच घाटाचा स्कॅम्प बनू लागला, आणि तो आजही बनतो. टोरांटो, मिनीॲपोलिस या भागांत राहणारी मराठी मंडळी जुन्या ट्रेलरच्या शोधात निघाली, की बहुतेक वेळा यांपैकीच एक समोर येतो. हलका असल्यामुळे लहान गाडीनेही ओढता येतो.

पन्नास वर्षांनीही याचं कवच सहसा शाबूत असतं. खराब होतं ते त्याला जोडलेलं सगळं: खालचा लोखंडी सांगाडा, ॲक्सल, जमिनीचं लाकूड, रिव्हेट, खिडक्यांचं सील, वायरी. म्हणून काम खालून वर आणि बाहेरून आत करायचं. नव्या गाद्या, रंग आणि सोलर पॅनलपासून सुरुवात केली, तर वर्षभरात तेच काम उचकटून पुन्हा करावं लागतं.

कपाटं आधी काढणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. आतलं कपाट, ओट्याची बाजू आणि वरचे कप्पे हे फर्निचर वाटतं, पण या ट्रेलरमध्ये छताचा भार त्यांच्यावरच असतो. छताला आतून तुळई नाही. ‘आधी सगळं रिकामं करू, मग बघू’ म्हणून कपाटं काढली की छत हळूहळू खाली बसतं आणि बाजू बाहेर फुगतात. दरवाजा कवचाच्याच वळणात बनवलेला असल्यामुळे खालच्या किंवा वरच्या कोपऱ्यात बोटभर फट पडते.

काहीही काढण्याआधी दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आतल्या भिंतीवर मार्करने लिहून ठेवा. मग जमिनीपासून छतापर्यंत दोन उभे टेकू लावा. टू-बाय-फोरचं लाकूड चालतं. टेकूच्या वरच्या टोकाला फूटभर लांबी-रुंदीचा प्लायचा तुकडा आणि त्यावर कार्पेटची पट्टी द्या, नाहीतर टोक छतात रुतून गेलकोटला, म्हणजे कवचावरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराला, तडे जातात. एका वेळी एकच कपाट काढा, आणि ते परत बसेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका.

विकत घेतानाच दरवाजा नीट बसत नसेल, तर लगेच तो तासू नका किंवा बिजागरी हलवू नका. आधी कपाटाचे रिव्हेट तुटलेत का, जमीन कुजली आहे का, सांगाडा वाकला आहे का, या क्रमाने तपासा. कारण दुरुस्त झालं की दरवाजा बऱ्याचदा आपोआप जागेवर येतो. तासलेला दरवाजा मात्र पुन्हा भरून काढावा लागतो.

ॲक्सल ‘अजून फिरतोय’ म्हणून ठेवणं

या ट्रेलरांना पाट्यांच्या स्प्रिंग नसतात. चौकोनी नळीच्या आत रबराच्या दोऱ्या दाबून बसवलेल्या असतात आणि चाकाचा आडवा हात त्यांच्यावर पिळला जातो. वीस-पंचवीस वर्षांत हे रबर कडक होतं. चाक फिरतं, बेअरिंगही बरी असते, पण सस्पेन्शन शून्य. मग रस्त्याचा प्रत्येक दणका थेट सांगाड्यात, तिथून कवचात जातो. रिव्हेट का तुटतात आणि खिडक्या का गळतात, याचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

तपासणी सोपी आहे. सांगाड्याखाली जॅक लावून दोन्ही चाकं जमिनीवरून उचला. हात खाली झुकला नाही, तर रबर गेलं. रिकामा ट्रेलर जमिनीवर उभा असताना हात आडव्या रेषेच्याही वर गेलेला दिसला, तर आणखी पुराव्याची गरज नाही. जॅक कधीही ॲक्सलच्या नळीखाली लावू नका. नळी वाकते आणि चाकांची दिशा कायमची बिघडते.

नवा ॲक्सल मागवताना चार मापं लागतात: हबच्या (चाक बसतं त्या भागाच्या) एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतचं अंतर, सांगाड्याच्या दोन पट्ट्यांचं बाहेरून बाहेर अंतर, हाताचा सुरुवातीचा कोन आणि भारक्षमता. कोन साधारण २२.५ अंश खाली घेतात. खचलेल्या जुन्या ॲक्सलच्या तुलनेत ट्रेलर उंच होतो, म्हणून हिच बॉलची (गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याची) उंचीही नव्याने जुळवावी लागते. इलेक्ट्रिक ब्रेक याच वेळी घ्या, नंतर बसवणं दुप्पट खर्चाचं. अनेक जुन्या ट्रेलरांत ॲक्सल थेट वेल्ड केलेला असतो. नवा बोल्टने बसेल असे ब्रॅकेट लावून घ्या आणि वेल्डिंग नळीवर होऊ देऊ नका, कारण उष्णतेने आतलं नवं रबरच जळतं.

ॲक्सल निघालेला असतानाच सांगाडा तारेच्या ब्रशने घासून बघा. तडा हमखास सापडतो तो पुढे, कवचाखालून गाडीला जोडायचा दांडा बाहेर येतो त्या वळणावर. नुसत्या तड्यावरून वेल्डचा धागा ओढला तर तो शेजारी पुन्हा फुटतो. तडा संपतो तिथे लहान भोक पाडायचं, खाच करून वेल्ड भरायचा आणि वर दोन्ही टोकांना निमुळती पट्टी लावायची. पट्टीच्या टोकाला पट्टीआडवा उभा वेल्ड नको, कारण पुढचा तडा नेमका तिथूनच निघतो. वेल्डरला कवचाखाली ओलं जाड कापड धरायला सांगा. फायबरग्लास पेट घेतं.

सिलिकॉन

दुकानात स्वस्त मिळतं, पांढरं दिसतं, आणि प्रत्येक जुन्या ट्रेलरवर आधीच्या मालकाने ते फासलेलं असतं. दोन-तीन वर्षांत कडेने सुटतं. त्याहून वाईट म्हणजे मागे राहिलेल्या थरावर दुसरं सीलंट, रेझिन (फायबरग्लासच्या कामातला, वाळून घट्ट होणारा द्रव), रंग, काहीच धरत नाही. आधी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग सिलिकॉन काढायचं द्रावण लावा आणि शेवटी घासा. पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब गोळा होऊन राहिला, तर सिलिकॉन अजून आहे.

खिडक्यांना आणि छताच्या झडपेला ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरा. फ्रेमच्या कडेभोवती सलग पट्टी, सांधा वरच्या बाजूला नको. स्क्रू एका दमात आवळू नका. थोडे आवळा, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळा, टेप बाहेर येईल तसा कापत चला. बोटींसाठी मिळणारी कायमची पॉलियुरेथेन चिकटवणी खिडकीला लावू नका, कारण पुढच्या वेळी काढताना खिडकीबरोबर गेलकोटही निघेल.

गळती चुकीच्या ठिकाणी शोधणं

पाणी आत येतं एका ठिकाणी आणि दिसतं दुसऱ्याच. अनेक जुन्या ट्रेलरांत आतल्या भिंतीला एन्सोलाइट नावाचा फोम चिकटवलेला असतो. छतावरच्या एका रिव्हेटमधून शिरलेलं पाणी त्याच्या मागून उतरतं आणि मागच्या कोपऱ्यात जमिनीवर निघतं. तिथे कितीही सीलंट भरलं तरी उपयोग नाही.

होज पाइपने शोधायचं तर खालून वर जा. आधी पट्ट्याचा सांधा, मग खिडक्या, मग छत, प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं, आणि आत टॉर्च घेऊन एक माणूस. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. आणखी खात्रीची रीत म्हणजे छताच्या झडपेतून ब्लोअरने आत हवा भरायची, बाकी सगळं बंद करायचं आणि बाहेरून साबणाचं पाणी फवारायचं. जिथे बुडबुडे, तिथे भोक.

पाऊस नसताना सकाळी खिडकीच्या फ्रेमवर पाणी दिसत असेल, तर ती गळती नव्हे. झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ थंड कवचावर जमते. झडप बोटभर उघडी ठेवा.

रिव्हेटबद्दल थोडं सविस्तर. बहुतेक ठिकाणी ३/१६ इंची ॲल्युमिनियमचे असतात आणि वर प्लास्टिकची टोपी. टोपी फक्त शोभेची, ती पाणी अडवत नाही. नवा घालताना लांबी दोन्ही थरांच्या एकूण जाडीवरून निवडा. लाकडाच्या बाजूला वॉशर द्या आणि भोकात सीलंटचा ठिपका भरा. रिव्हेट बंद टोकाचे घेतले तर मधल्या पोकळीतून पाणी येत नाही. स्वतःच आटे पाडणारे पत्र्याचे स्क्रू कवचात घालू नका. काही मिलिमीटर जाडीत आट्यांना पकड मिळत नाही आणि हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं.

कुजलेली जमीन एकदम कापणं

पेचकसाने टोचून बघा: दरवाजाशी, चाकांच्या फुगवट्याच्या कडेला, मागच्या दोन कोपऱ्यांत. मऊ लागलं तर तुकडा बदलायचाच, वर नुसतं रेझिन ओतून कुजणं थांबत नाही. पण पूर्ण जमीन एकाच वेळी काढली की कवचाचा तळ मोकळा होतो आणि कवच पसरतं. आधी डावा अर्धा, तो पक्का झाल्यावर उजवा.

बाहेरच्या वापरासाठी असलेला ५/८ किंवा ३/४ इंची प्लायवूड घ्या. रसायन भरलेलं प्रेशर-ट्रीटेड लाकूड बरेचदा ओलसर असतं, त्यावर रेझिन धरत नाही. सगळ्या कडा आणि भोकं एपॉक्सीने बंद करा. बोल्टसाठी भोक आधी मोठं पाडायचं, एपॉक्सी भरायची, वाळल्यावर पुन्हा योग्य मापाचं पाडायचं. मग प्लाय आणि कवच यांचा सांधा चार ते सहा इंच रुंद काचकापडाच्या दोन थरांनी जोडा.

रेझिन आणि मॅटची चुकीची जोडी

दुकानातली सुट्या धाग्यांची मॅट पॉलिएस्टर रेझिनसाठी असते. तिचा बाइंडर (धागे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतो. एपॉक्सीत स्टायरीन नाही, म्हणून मॅट ताठच राहते आणि आत हवा कोंडते. एपॉक्सी वापरायची तर विणलेलं किंवा बायॲक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं) काचकापड घ्या. जुन्या कवचावर एपॉक्सी जास्त चांगली धरते, पण तिच्यावर गेलकोट नीट वाळेलच असं नाही, आणि उन्हात ती खराब होते. त्यामुळे वर रंग देणार असाल तर एपॉक्सी, गेलकोटच हवा असेल तर पॉलिएस्टर.

पॉलिएस्टरचं हार्डनर १ ते २ टक्के. लवकर वाळावं म्हणून जास्त टाकलं तर तापून तडकतं. भोकाच्या कडा जाडीच्या बारापट लांब उतार देऊन घासा: ३ मिलिमीटर कवचाला ३६ मिलिमीटर उतार. नुसता ठिगळ वरून चिकटवला तर कडेने सुटतो. घासताना चांगला मास्क लावाच, काचेची धूळ फुफ्फुसात जाते.

कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे रंगाने झाकू नका. त्यांच्या मागे काहीतरी हलतंय, आधी ते धरा. मग तडा इंग्रजी व्हीच्या आकारात उघडून भरा.

रंग देण्याआधी मेण काढायच्या द्रावणाने पुसा, आणि *नंतर* घासा. उलट केलं तर मेण ओरखड्यांत शिरतं आणि रंगाचे पोपडे निघतात. पुष्कळदा रंगाची गरजच नसते. ६००पासून १५००पर्यंतचा वॉटर पेपर, कंपाउंड आणि मेण एवढ्यावर निस्तेज गेलकोट उजळतो. मात्र गेलकोट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे कडांवर आणि वळणांवर मशीन टेकवून ठेवू नका.

वायरी आणि बॅटरी

इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मंद होतात? बल्ब बदलत बसू नका, ग्राउंड तुटलं आहे. फायबरग्लासमधून वीज जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची पांढरी वायर सांगाड्यापर्यंत लागते. सांगाड्यावरची जागा चकचकीत घासून तिथे रिंग टर्मिनल बोल्टने पक्कं करा. चार पिनी जोडणीत तपकिरी मागचे दिवे, पिवळी डावं वळण, हिरवी उजवं. ब्रेक किंवा बॅटरी चार्जिंग हवं असेल तर चार पिनी पुरत नाही, सात पिनी घ्या.

जुन्या कन्व्हर्टरला (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राला) नवी लिथियम बॅटरी जोडणं ही अलीकडे वाढलेली चूक. लिथियम आयर्न फॉस्फेटला साधारण १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात, जुना कन्व्हर्टर तिथे पोचत नाही किंवा नेमका थांबत नाही. गाडीतून चार्ज करायचं तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवा. शून्य अंशाखाली ही बॅटरी चार्ज केली तर कायमची बिघडते, आणि मिनेसोटा-मॅनिटोबात ही वेळ दर वर्षी येते. फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत बसवा.

गॅस

जुना रेग्युलेटर बदला, तपासत बसू नका. सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, काडी पेटवून कधीही बघू नका. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून त्याचा डिटेक्टर जमिनीलगत. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा लावा, आणि दोन्हींवर छापलेली मुदत वाचा.

वजन आणि पहिला प्रवास

मूळ बोलरचं वजन १,००० पौंडांच्या आसपास होतं. एसी, मोठी बॅटरी, पाण्याची टाकी, जाड प्लाय यांनी बघता बघता तीन-चारशे पौंड वाढतात. सामान भरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करा आणि ते ॲक्सलच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडून बघा. दांड्यावरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. एवढ्या लहान ट्रेलरचा तो घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतो. मागच्या बंपरवर सायकली टांगल्या की हा भार घटतो आणि हायवेवर ट्रेलर झुलू लागतो.

टायर एसटी (खास ट्रेलरसाठीच्या) प्रकारचेच घ्या. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी सहा वर्षांनंतर टायर बदला. चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळा, अर्धा इंची स्टडला ९० ते १२० फूट-पौंड, आणि निघाल्यावर १०, २५ व ५० मैलांनी थांबून पुन्हा तपासा.