डायनो की रस्ता? बेळगाव भागात गाडी ट्यून करताना कसं ठरवावं

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यातल्या साखळीला पोचलं की गाडी जवळजवळ समुद्राच्या पातळीला आलेली असते. वर हवेचा दाब 92-93 किलोपास्कल, खाली 101. एवढ्याशा वाटेत इंजिनाला मिळणारी हवा इतकी बदलते, म्हणून ‘रोड ट्यून करू की डायनोवर नेऊ’ हा प्रश्न आपल्याकडे जरा वेगळा पडतो.

रोड ट्यूनमध्ये गाडी रस्त्यावर चालवत ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) डेटा लॅपटॉपवर लॉग करतात आणि तो बघून मॅप, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्कच्या आकड्यांचा तक्ता, बदलतात. डायनोवर चाकं रोलरवर चढवून गाडी जागच्या जागी पळवतात आणि कोणत्या आरपीएमला किती टॉर्क मिळतो ते मोजतात. रस्त्यावर टॉर्कचा अंदाज बांधता येतो, पण तो मोजता येत नाही. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

आधी गाडीत काय बदललंय ते बघा

पोलो, व्हर्टस, आय20 एन लाइन अशी टर्बो गाडी आहे, पार्ट सगळे कंपनीचेच आहेत आणि फक्त स्टेज वन रिमॅप, म्हणजे नुसता सॉफ्टवेअरचा बदल, करायचाय, तर रोड ट्यून पुरतो. चांगल्या ट्यूनरचा असा मॅप आधी डायनोवरच घडलेला असतो. तो आपल्या गाडीत, आपल्या पेट्रोलवर नीट बसतोय का, एवढंच बघायचं राहतं. पण टर्बो मोठा टाकलाय, इंजेक्टर किंवा कॅम बदललाय, जुन्या गाडीला स्टँडअलोन (कंपनीच्या जागी बाहेरचा) ईसीयू लावलाय, तर डायनोशिवाय हात लावू नये असं माझं मत आहे.

त्याचं कारण इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी द्यायचा ते. स्पार्क जरा लवकर दिला की टॉर्क वाढतो, आणखी लवकर दिला की थोडासाच वाढतो, आणि मग वाढायचा थांबतो. डायनोवर ही जागा आकड्यांत दिसते आणि शहाणा ट्यूनर तिथेच किंवा एक-दोन अंश अलीकडे थांबतो. रस्त्यावर ती दिसत नाही. इंजिन नॉक करायला लागलं (आत मिश्रण अवेळी भडकून टकटकायला लागलं) की मगच कळतं आपण जास्त पुढे गेलो. उंचावरच्या पातळ हवेत साध्या, बिनटर्बो इंजिनाला नॉक उशिरा येतो, म्हणजे टॉर्क वाढायचा केव्हाच थांबलेला असतो आणि ट्यूनर मात्र नॉक नाही म्हणून टायमिंग पुढे सारत असतो. वर बेळगावात गाडी सुरेख चालते आणि गोव्याच्या दमट उकाड्यात टकटकायला लागते ती अशी.

डायनोवाल्याला फोनवर काय विचारावं

आपल्याकडून डायनो म्हणजे बहुतेक वेळा पुणे नाहीतर बेंगळुरू. निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या.

पहिली, डायनोला लोड लावता येतो का? नुसत्या जड रोलरच्या इनर्शिया डायनोवर खालून वरपर्यंत एक सलग पुल (पूर्ण एक्सलेटर दाबून आरपीएम चढवणं) मारता येतो, बस. ब्रेकवाल्या डायनोवर गाडी 3000 आरपीएमला धरून ठेवता येते आणि मॅपचा एकेक चौकोन सावकाश तपासता येतो. ट्यूनिंगसाठी हाच हवा.

दुसरी, पैसे रनचे घेताय की ट्यूनचे? दोन-तीन पुल मारून शीट हातात देणं म्हणजे फक्त मोजमाप. मॅपमध्ये त्याने काहीच बदलत नाही, आणि बरेच जण तेवढ्यालाच ‘डायनो ट्यून’ म्हणून मोकळे होतात.

तिसरी, करेक्शन कोणतं? बेंगळुरू साधारण 920 मीटरवर, तिथे दाब 91 किलोपास्कलच्या आसपास. उंचीमुळे गेलेली ताकद करेक्शन फॅक्टर आकड्यात परत मिळवतो. साध्या इंजिनाला ते ठीक. पण टर्बो गाडीचा ईसीयू ती तूट बरीचशी बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) वाढवून आधीच भरून काढतो, आणि वरून तेच करेक्शन लावलं की आकडा सहज दहा टक्क्यांनी फुगतो. कट्ट्यावर शीट दाखवायला छान, पण ट्यून आधी आणि नंतर एकाच डायनोवर, एकाच करेक्शनने किती फरक पडला, तोच आकडा खरा.

जाण्याआधी ऑइल आणि प्लग बदला, इनटेक पाइपची गळती तपासून घ्या, टायरला भेगा असतील तर नेऊच नका. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर चारचाकी डायनो आहे ना, हेही विचारा. समोरचा पंखा कितीही मोठा असला तरी धावत्या गाडीला लागणारा वारा तो देत नाही. इंटरकूलर तापतो, म्हणून दोन पुलांमध्ये गाडी थंड होऊ द्यायला लावा.

रस्त्यावर करायचं तर

राष्ट्रीय महामार्ग 48 वर तिसऱ्या गिअरात रेडलाइनपर्यंत (कमाल आरपीएमपर्यंत) पुल मारायचा बेत असेल तर सोडून द्या. बऱ्याच गाड्या तिसऱ्या गिअरातच शंभरची वेगमर्यादा ओलांडतात. शिवाय उसाचा हंगाम सुरू झाला की संकेश्वर, निपाणी, चिकोडी भागात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मागे दिवा नसताना रस्त्यावर असतात. रात्रीचा मोकळा दिसणारा रस्ता मोकळा असतोच असं नाही.

कमी वेगात जास्त लोड हवा तर चढ शोधा. निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा काकतीच्या पुढचा वंटमुरीचा चढ तिसऱ्या गिअरात बेताच्या वेगाने चढलात तरी इंजिनावर चांगलं ओझं येतं. भल्या सकाळी जा, आणि गाडी चालवणारा एक, लॅपटॉप बघणारा दुसरा, यात तडजोड नको.

लॉगमध्ये आरपीएम, इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचं नॉक रिटार्ड (नॉकमुळे ईसीयूने टायमिंग किती मागे घेतलं), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट), बूस्ट मागितलेला आणि मिळालेला, इनटेकचं तापमान आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलात करत असलेली दुरुस्ती) एवढं घ्या. ट्रिम पाच टक्क्यांच्या आत असेल तर निवांत राहा. दहाच्या पुढे गेली तर मॅपला हात लावण्याआधी गळती शोधा. एखाद्या वेळी एक-दोन अंश रिटार्ड दिसलं तर घाबरायचं कारण नाही. त्याच आरपीएमला, त्याच सिलिंडरला दर वेळी तीन-चार अंश दिसत असेल तर ट्यूनरला टायमिंग मागे घ्यायला सांगा. तो ‘चालतंय की ओ’ म्हणाला, तर दुसरा ट्यूनर बघा. मिश्रणाचं बोलणं 14.7 (एका भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा) च्या भाषेत करू नका. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला तो आकडा 13.5 च्या आसपास येतो, त्यामुळे लॅम्डातच बोललेलं बरं.

गोव्याची फेरी

इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबावर मॅप वाचणाऱ्या साध्या इंजिनात बेळगावला पूर्ण एक्सलेटर दाबला तरी 93 किलोपास्कलच्या वरच्या ओळी कधी वापरल्याच जात नाहीत. तिथले आकडे ट्यूनरने अंदाजाने भरलेले असतात. बेंगळुरूच्या डायनोवर तर त्याहून खालीच हात थांबतो. इंजिन त्या ओळींत पहिल्यांदा शिरतं ते घाट उतरल्यावर. म्हणून ट्यून कुठेही करा, केरी-साखळीच्या सपाटीला एक लॉग घ्याच, तोही दुपारच्या उन्हात. टर्बो गाडीचं उलटं: खाली टर्बोवर ओझं कमी, वर जास्त. तिचा लॉग परतीच्या चढावर घ्या आणि इनटेकच्या तापमानाकडे लक्ष ठेवा.

पेट्रोलचंही आताच ठरवा. सीमेवरचे आपण लोक, कर्नाटकात स्वस्त तर इकडे, महाराष्ट्रात स्वस्त तर कागलकडे. जास्त ऑक्टेनच्या प्रीमियम पेट्रोलवर ट्यून करून घेतलं आणि लोंढा-रामनगरच्या वाटेवर साधं पेट्रोल भरावं लागलं, तर मॅपने ते सोसायला हवं. रोजची गाडी असेल तर साध्या पेट्रोलवरच ट्यून करा, चार घोडे कमी मिळाले तरी चालतील.

गिअरबॉक्सची मर्यादाही ट्यूनरशी बोलून घ्या. व्हर्टस आणि स्लाव्हियाच्या 1.5 टीएसआयला येणारा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) 250 न्यूटन-मीटरसाठी बनलेला आहे, आणि इंजिन कंपनीतूनच तेवढा टॉर्क देतं. इथे टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम न चढवता वरच्या आरपीएमला पसरवणारा मॅप मागा. ती रेषा डायनो शीटवर लगेच दिसते.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच सांगितलं. वॉरंटी आणि विम्याचं काय होईल ते आधी विचारा, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायला कोणी सांगितलं तर नको म्हणा. पैसे चुकते करण्याआधी मूळ स्टॉक फाइलची प्रत पेनड्राइव्हवर मागून घ्या. सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला की तुमचा मॅप पुसला जातो, आणि नवा मॅप चढवताना मूळ फाइल हाताशी लागते.