डॉक्टरांचं सांगणं रुग्णापर्यंत किती पोचलं, हे कसं मोजावं

दवाखान्यातून आलं की आई म्हणते, "डॉक्टर फार चांगले आहेत गं." मी विचारते, "मग गोळी जेवणाआधी की नंतर?" ती पिशवीत चिठ्ठी शोधू लागते. डॉक्टर आवडणं वेगळं, त्यांचं सांगणं पोचणं वेगळं. किती पोचलं ते घरीही मोजता येतं.

निघण्यापूर्वी रुग्णाच्या तक्रारी त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवा. यातल्या किती सांगून झाल्या, हे पहिलं माप.

आत गेल्यावर रुग्णाचं बोलणं पहिल्यांदा किती सेकंदांनी तोडलं गेलं ते मनात मोजा. 1984 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात हे अंतर सरासरी 18 सेकंद निघालं होतं. रेकॉर्डिंग करायचंच तर डॉक्टरांना विचारून.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांनी भाषेकडे खास लक्ष द्यावं. रामबागेत जन्म गेलेली माझी आई हिंदी सफाईनं बोलते, पण दुखू लागलं की मराठी शब्द तोंडी येतात. "पेट में कळ आती है," ती म्हणाली. केसपेपरवर पोटदुखी "कल से" अशी लिहिली गेली. दुखणं तीन आठवड्यांचं होतं! असे अडखळलेले शब्द टिपून ठेवा.

बाहेर आल्यावर, चिठ्ठी न उघडता, रुग्णाला पाच गोष्टी विचारा: काय झालंय? औषध कसं घ्यायचं? किती दिवस? काय झालं तर लगेच यायचं? पुन्हा कधी दाखवायचं? प्रत्येक बरोबर उत्तराला 1 गुण. मग चिठ्ठीशी ताडून पाहा. ही परीक्षा समजावण्याची आहे, आईच्या स्मरणशक्तीची नाही. हे तिला आधीच सांगा, नाहीतर ती बिचारी घाबरते. माझ्या मते सगळ्यात खरं माप हेच.

शेवटी रुग्णालाच 1 ते 5 गुण देऊ द्या: नीट ऐकून घेतलं का, सोप्या भाषेत सांगितलं का, प्रश्न विचारू दिले का. मोजताना फक्त 5 किती मिळाले ते पाहा, कारण डॉक्टरांना कमी गुण द्यायला आपली माणसं कचरतात.

एका भेटीवरून मत बनवू नका, गर्दीच्या दिवशी कुणाचीही घाई होते. तीन भेटींचे आकडे शेजारी ठेवा आणि जिथे 0 पडला तो प्रश्न पुढच्या वेळी आधी विचारा. गेल्या भेटीत आईनं उठण्यापूर्वी स्वतःहून विचारलं, "एक गोली सुबह, खाने के बाद, बराबर?" डॉक्टर थांबले, चिठ्ठी परत घेतली आणि म्हणाले, "नहीं माताजी, एक नहीं, आधी गोली."